नुसती शोभा

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न आपल्या घरांतून दिवसाकाठीं किती वेळां विचारला जातो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. मुलगी कागदाचीं फुलें करूं लागली कीं आई तो विचारते; मुलानें महाविद्यालयांत इतिहास हा विषय घेतला कीं बाप विचारतो; आणि ज्याचें निम्मेंअधिक आयुष्य हाच विषय शिकविण्यांत गेलें, त्या माझ्यासारख्या माणसाला तर तो ऐकण्याची इतकी संवय होऊन गेली आहे कीं, आपण स्वतःच तो दुसऱ्यास केव्हां विचारूं लागलों हें माझ्या ध्यानांतही आलें नाहीं. तें ध्यानांत आलें तें गेल्या दिवाळीच्या सुटींत, आणि तेंही एका बारा वर्षांच्या मुलामुळें.

माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे धाराशिवास आला होता. किल्ला करण्यास आमच्या अंगणांत माती होती, तटावर पेरण्यास हळीव होते, बाजारांतून आणलेले मावळेही होते. पण या मुलाचा किल्ला मातीचा नव्हता. तो संगणकाच्या पडद्यावर उभा राहत होता. त्या खेळाचें नांव माइनक्राफ्ट. ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. स्वीडन देशांतील एका मंडळीनें हा खेळ रचला व २०११ सालीं तो पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. अशा खेळांना 'सँडबॉक्स' म्हणतात. म्हणजे मुलांना खेळण्यासाठीं वाळूनें भरलेली पेटी. बुद्धिबळासारखा यांत समोर प्रतिपक्षी बसलेला नसतो, आणि अमुक एक केलें म्हणजेच डाव संपला असेंही बंधन नसतें. खेळणाराला एका ओसाड मुलखांत सोडून दिलेलें असतें. त्यानें झाडें तोडावीं, डोंगर खणावे, दगडामातीचे चौकोनी ठोकळे गोळा करावे, आणि त्यांतून मनास येईल तें उभारावें. दिवस मावळला कीं भुतेंखेतें बाहेर पडतात, तेव्हां डोक्यावर छप्पर पाहिजे. पण त्यासाठीं मातीच्या चार भिंती आणि वर मातीचेंच धाबें एवढें पुरतें. या मुलखांत भिंतीला ओल येत नाहीं, छप्पर गळत नाहीं, आणि घर सुंदर आहे म्हणून कोणतेंही भूत दारावरून परत जात नाहीं.

असें असतां माझ्या भाच्यानें तीन दिवस खपून जें घर बांधलें होतें, त्याच्या खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या. जमिनीला रंगीत, झिलई दिलेल्या भाजक्या मातीच्या फरशा होत्या. आणि आंतल्या खोलींत एक चित्र टांगलेलें होतें. चित्र या खेळांत कांहीं म्हणजे कांहीं करीत नाहीं. कुंडींतलें फूल वाढत नाहीं, त्याला फळ धरत नाहीं. मीं माझ्या संवयीप्रमाणें विचारलें, "या चित्राचा उपयोग काय रे?"

"मामा, भिंत रिकामी दिसत होती."

"पण तुझ्याशिवाय या घरांत येतो कोण?"

"कोणी नाही," असें म्हणून तो पुढच्या खिडकींत कुंडी बसवूं लागला.

मुलाचें उत्तर म्हणून मीं तें त्या वेळीं सोडून दिलें. परंतु तें मनांतून जाईना. मनुष्य निरुपयोगी शोभेच्या वस्तूंवर इतका जीव कां टाकतो, हा प्रश्न कांहीं संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. तो आमच्या जिल्ह्याच्या मातींत दोन हजार वर्षें पडून आहे. आमचा जिल्हा कांहीं ऐश्वर्याचा मुलूख नव्हे. पाऊस बेभरंवशाचा, माथ्यावर बालाघाटाचे उघडे माळ, नद्या बव्हंशीं पावसाळ्यापुरत्या. जेथें घागरीघागरीचा हिशेब करावा लागतो तेथें नुसत्या शोभेला जागा कोठून असणार, असें कोणासही वाटेल. पण इतिहासाची साक्ष काढली तर ती नेमकी उलट निघते.

प्रथम तेरचें उदाहरण घेऊं. तेरणा नदीच्या कांठचें हें गांव आज गोरा कुंभाराचें गांव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाचें मोठें शहर असल्याचें लिहिलें आहे. तेथून जाडेंभरडें कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून, भडोचच्या बंदराकडे जात असे. हें तगर कोणतें, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला; तें तेरच होय हें १९०१ सालीं जॉन फेथफुल फ्लीट यांनीं दाखवून दिलें, आणि पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें जीं उत्खननें झालीं त्यांनीं त्या मताला बळकटी आणली.

आतां या तगरच्या मातींतून काय निघालें तें पाहावें. मडकीं निघालीं, जातीं निघालीं, विटा निघाल्या. या सर्व उपयोगाच्या वस्तू. त्यांच्यावरून तगरकर काय खात, कशांत शिजवीत, हें समजतें. पण घागर ही शेवटीं घागर असते, आणि पाणी जसें तगरला तसेंच पैठणला. उपयोगाच्या वस्तूंचें रूप गरज ठरविते, आणि गरज सर्वत्र बहुधा एकसारखी असते. परंतु त्याच थरांतून शंखाच्या बांगड्या निघाल्या, नाना प्रकारच्या दगडांचे मणी निघाले, आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या वीत-अर्धवीत उंचीच्या स्त्रीमूर्ति निघाल्या. या मूर्ति दोन अर्ध्या साच्यांत काढून मग एकत्र जोडलेल्या, आंतून पोकळ. त्यांच्या केशरचना, कानांतलीं जड भूषणें, गळ्यांतले अलंकार हें सर्व इतक्या बारकाईनें उठविलेलें कीं, त्यांतल्या कित्येकींकडे पाहतांना आपण देवतेपेक्षां एखाद्या नटलेल्या नागर स्त्रीकडेच पाहत आहों असें वाटतें. तगरची माणसें कशीं होतीं हें मडकें सांगत नाहीं; तें हा आंबाडा सांगतो.

तेरच्या मातींतली आणखी एक वस्तु मला नेहमीं विचारांत पाडते. रोमन नाण्याचा ठसा मातीच्या चकतीवर उमटवून, ती भाजून, दोऱ्यांत ओंवून गळ्यांत घालण्याची त्या काळीं चाल होती, आणि अशा चकत्या तेरला मिळाल्या आहेत. नाणें ही व्यवहारांतली सर्वांत उपयोगी वस्तु. तिच्या बदल्यांत जोंधळा येतो, बैल येतो, मजूर येतो. मातीच्या नाण्याच्या बदल्यांत कांहींही येत नाहीं. ज्या कोणी तें गळ्यांत बांधलें त्याला खरें सोन्याचें नाणें परवडत नसावें, हा तर्क सहज सुचतो. पण तेवढ्यानें गोष्ट संपत नाहीं. गळ्यांत कांहीं न बांधतांही त्याचें चाललें असतें. समुद्रापलीकडच्या कोणा राजाचा तो मुखवटा त्याला आवडला, एवढेंच खरें. व्यापाराच्या सर्वांत उपयोगी साधनांतून त्यानें उपयोग काढून टाकला आणि शोभा तेवढी ठेवली.

तेरलाच हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति मिळाली. तिची चर्चा जगभर झाली, कारण तिच्या जातकुळीची दुसरी एक मूर्ति १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें, इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या एका घरांत सांपडली होती. ती मूर्ति आपल्याच भागांतून तिकडे गेली असावी असें कांहीं विद्वानांस वाटतें. अशा मूर्ति आरशाच्या किंवा अशाच एखाद्या वस्तूच्या मुठीसाठीं घडवीत असाव्यात असा तर्क आहे. मुठीचा उपयोग आहे, हें मान्य. पण तो बाभळीच्या तुकड्यानेंही भागला असता.

या वस्तू आज आपणांस पाहावयास मिळतात त्याचें श्रेय ज्या गृहस्थाला आहे, तो पुराणवस्तुशास्त्राचा पदवीधर नव्हता. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे गांवांतलेच एक रहिवासी. जुन्या गांवठाणाची पांढरी माती खत म्हणून शेतांत नेऊन टाकण्याची चाल दख्खनेंत सर्वत्र होती. त्या मातीबरोबर मणी, खापरें, मूर्तींचीं मुंडकीं हीं नांगराखालीं जात. पांढरी मातीचा उपयोग होता, मुंडक्याचा नव्हता. तेव्हां शहाण्या माणसानें काय ठेवावें व काय टाकावें हें उघडच होतें. लामतुरे यांनीं शहाण्या माणसानें जें टाकावें तें उचललें. हजारों वस्तू त्यांनीं जमविल्या, आणि आज त्यांच्या नांवाचें सरकारी वस्तुसंग्रहालय तेरला उभें आहे. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न त्यांनीं विचारला असता तर तगरचा अर्धा इतिहास जोंधळ्याच्या शेतांत विरून गेला असता.

तेरचीं हीं उदाहरणें सामान्य माणसाचीं. आतां राजेलोकांकडे वळूं. येथें युद्धासारखा कठोर व्यवहार आहे, आणि तेथें तरी शोभेला वाव नसावा अशी आपली अपेक्षा. आमच्या परांड्याच्या भुईकोट किल्ल्यांत एके काळीं 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ होती. निजामशाहीच्या आमदानींत १५४९ सालीं अहमदनगरास ती ओतली गेली. ओतणारा महंमद नांवाचा तुर्की कारागीर. लांबी सुमारें १४ फूट, वजन सुमारें ५५ टन. या तोफेचें तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह असून, त्याच्या दाढांत हत्ती सांपडला आहे. गोळा जावयाचा तो नळींतून. सिंहाचे दांत कोरल्यानें तो वीतभरही पुढें जात नाहीं. पुढें १६३२ सालीं मुरार पंडितानें ती परांड्याहून विजापुरास नेली, आणि १६८६ सालीं विजापूर घेतल्यावर औरंगजेबानेंही तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला. साधी राहणी मिरविणाऱ्या त्या बादशहालाही तोफेची पाठ रिकामी दिसली असावी!

नळदुर्गची गोष्ट याहून निराळी आणि अधिक मनोहर. बोरी नदीला किल्ल्याच्या तटाशीं अडवून सुमारें ९० फूट उंचीचें दगडी धरण बांधलें आहे. धरण हें किती उपयोगी, हें दुष्काळी मुलखांतल्या माणसास सांगावयास नको. किल्ल्यास पाणी मिळालें, आणि एक बाजू पाण्यानें सुरक्षित झाली. येथवर सर्व हिशेब बरोबर. पण विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत मीर इमादीन नांवाच्या स्थपतीनें या धरणाच्या पोटांत एक महाल बसविला. त्यावरील फारसी लेखाचें साल हिजरी १०२२, म्हणजे इ. स. १६१३. धरणाच्या माथ्यावरून अंधाऱ्या पायऱ्यांनीं खालीं उतरलें कीं आपण कमानदार सज्जांत येऊन पोंचतों. पावसाळ्यांत धरण भरलें म्हणजे 'नर' आणि 'मादी' अशा दोन सांडव्यांवरून पाणी कोसळूं लागतें, आणि सज्जांत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें पाण्याचा पडदा लोंबतो. मात्र आंत पाणी येत नाहीं. धरणावर देखरेख ठेवण्यास माथ्यावरची एक चौकी पुरली असती. हा महाल त्यासाठीं नव्हे. हा इब्राहिम गाण्याचा वेडा होता. 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह त्यानें स्वतः रचला, आणि आपल्या तंबोऱ्याला 'मोतीखान' असें नांव ठेवलें होतें. अशा माणसानें पाण्याकडे नुसतें पाण्याचा सांठा म्हणून पाहिलें नाहीं, यांत नवल नाहीं.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. थोर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, श्रीमंत वर्ग निरुपयोगी वस्तूंवर खर्च करतो तो त्या निरुपयोगी आहेत म्हणूनच. आपणांस काम करण्याची गरज नाहीं, उधळण्यास पुष्कळ आहे, हें लोकांना दिसावें एवढाच त्याचा हेतु. नळदुर्गच्या लेखांतही असाच भाव आहे कीं, हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढें अंधारी येईल. म्हणजे शोभा हेंही एक शस्त्रच झालें. शिवाय ज्या हातांनीं हे दगड घडविले त्यांना मजुरी किती मिळाली हें कोणी कोरून ठेवलेलें नाहीं. मलिक-ए-मैदान परांड्याहून विजापुरास ओढून नेली गेली तीं वर्षेंही आठवावीं. १६३० ते १६३२ या काळांत दख्खनेंत असा भयंकर दुष्काळ पडला होता कीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. त्या दिवसांत ५५ टनांची तोफ वाटेनें ओढीत जाणाऱ्या बैलांना आणि माणसांना तिच्या तोंडावरचा सिंह कितपत शोभिवंत वाटला असेल? दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून केलेली शोभा ही शोभा नव्हे, तो माज होय. इतिहासाच्या अध्यापकानें हें स्पष्ट म्हटलेंच पाहिजे.

परंतु व्हेब्लेनची मीमांसा सुलतानाला लागू पडली म्हणून ती सर्वांस लागू पडते असें नाहीं. मातीची चकती गळ्यांत बांधणाऱ्या तगरकरानें कोणावर छाप पाडावयाची होती? माझ्या भाच्याच्या घरांत तर पाहणाराच कोणी नव्हता. श्रीमंतीचा तोरा मिरवावयाचा तर समोर कोणी तरी पाहिजे. निर्मनुष्य मुलखांत एकटाच असलेला मुलगा चित्र टांगतो, तेव्हां त्या कृतीचें मूळ कोठें तरी दुसरीकडे शोधलें पाहिजे. आणि तें मूळ कोठें आहे हें खरें पाहतां मला पूर्वींच एकदां कळावयास हवें होतें. मला तें कोणी सांगितलेंही होतें. मींच तें ऐकलें नाहीं.

ती गोष्ट १९९३ सालची. ३० सप्टेंबरच्या पहांटे, अनंत चतुर्दशीच्याच रात्रीं, लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. गणपति बोळवून निजलेलीं माणसें झोंपेंतच गेलीं. मृतांचा आंकडा दहा हजारांच्या घरांत गेला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद ही आमच्याकडील घराची रीत. उन्हाळ्यांत त्याइतकें उपयोगी घर नाहीं. त्या पहांटे त्याच मातीनें माणसें गाडलीं. मी तेव्हां विद्यार्थी होतों, आणि आम्ही कांहीं मुलें मदतीसाठीं लोहाऱ्याच्या बाजूच्या एका गांवीं गेलों होतों. तेथें एक म्हातारी एका ढिगाऱ्यापाशीं बसून हातांनीं माती उकरीत होती. आम्हांला वाटलें, दागिने असतील किंवा धान्याची कणगी असेल. आम्हीं फावडीं लावलीं. तासाभरानें जें निघालें तें पाळण्यावर टांगावयाच्या लाकडी राघूंचें एक झुंबर; रंग उडालेला, दोन राघू तुटलेले. मला खरोखर राग आला. त्या तासांत आणखी एक कणगी निघाली असती. मी म्हणालों, "आजी, याचा काय उपयोग आतां? धान्य काढूं द्या आधीं."

ती राघूंवरची माती पदरानें पुशीत म्हणाली, "धान्य सरकार दील रे लेकरा. राघू कोन दील?"

तिच्या घरीं पाळणा उरला होता कीं नाहीं, पाळण्यांत निजणारें कोणी उरलें होतें कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांपैकीं कोणालाच झालें नाहीं. धान्य सरकारनें दिलें. घरेंही दिलीं, पन्नासांहून अधिक गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, आणि भूकंपाला तोंड देतील अशा घरांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. तें काम मोठें होतें आणि त्याची निंदा करणें हा कृतघ्नपणा होईल. पण पुढें मी त्या वसाहतींतून हिंडलों तेव्हां एक गोष्ट पाहिली. सारख्या घरांच्या त्या रांगेंत कोणीं जुन्या वाड्याची नक्षीदार चौकट आणून नव्या भिंतीला टेकवून ठेवली होती, ती बसविण्यास जागा नसतांही. कोणीं दारावर मोर काढला होता. कोणीं निळ्या रंगाचा पट्टा ओढला होता. घर सरकारनें बांधलें होतें. तें आपलें झालें तें त्या पट्ट्यानें.

मला आतां वाटतें तें हें. उपयोगाची वस्तु आपण करतों तेव्हां आपण गरजेचे चाकर असतों. ती सांगेल तेवढें, ती सांगेल तसें. गरज भागल्यावर, किंवा कधीं कधीं ती भागण्यापूर्वींच, मनुष्य जें कांहीं करतो तें मात्र त्याला कोणी सांगितलेलें नसतें. तेथें त्याचा स्वतःचा हात दिसूं लागतो. म्हणून रिकामी भिंत त्याला खुपते. तेथें घर आहे, पण राहणारा नाहीं, असें ती सांगत असते. आमचा शेतकरी हें जाणतो. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून पोट भरलेल्या पिढीनें पाऊस परतल्यावर पोळ्याच्या दिवशीं बैलांचीं शिंगें हिंगुळानें रंगवून त्यांवर बेगड चिकटविली, गोंडे बांधले, पाठीवर झूल घातली. रंगीत शिंगांचा बैल नांगर अधिक ओढीत नाहीं, हें त्याला आपल्या अर्थशास्त्राच्या अध्यापकांहून चांगलें ठाऊक असतें. पण वर्षांतून एक दिवस तरी बैल हा केवळ उपयोगाचा नव्हे असें त्याला म्हणावयाचें असतें. आणि तें म्हणण्यास शोभेवांचून दुसरी भाषा नाहीं.

नळदुर्गच्या महालाचेंही शेवटीं असेंच झालें. इब्राहिम १६२७ सालीं वारला, १६८६ सालीं आदिलशाही बुडाली. ज्यांचे डोळे दिपवावयाचे ते मित्र गेले, ज्यांच्या डोळ्यांपुढें अंधारी आणावयाची ते शत्रु गेले. तटावरच्या तोफा गंजल्या. किल्ल्याचा सर्व उपयोग संपला. उरलें तें पावसाळ्यांत नर-मादीचें पाणी पडतांना त्या सज्जांत जाऊन उभें राहणें. दर वर्षीं आसपासच्या गांवचे लोक डोक्यावर मुलें घेऊन तेथें जातात, भिजतात, हंसतात आणि परत येतात. सुलतानाचा माज पाण्याबरोबर वाहून गेला, आणि शोभा तेवढी मागें राहिली.

असो. माझ्या भाच्याच्या खेळांत जून २०२३ मध्यें एक नवी वस्तु आली आहे. वाळूचा एखादा संशयास्पद ढीग दिसला कीं तो कुदळीनें फोडावयाचा नाहीं. हातांत लहानसा कुंचला घेऊन सावकाश झाडावयाचा. मग त्यांतून कधीं नक्षीचें खापर मिळतें, आणि अशीं खापरें जोडून एक नक्षीदार मडकें करतां येतें. आरंभीं त्या मडक्याचा उपयोग कांहींच नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस खेळ रचणारांनीं त्यांत वस्तु ठेवण्याची सोय केली. त्यांनाही बहुधा कोणी तरी तो आपला प्रश्न विचारला असावा! पण मुलें कुंचला घेऊन बसलीं होतीं तीं सोय होण्यापूर्वींच. हें ऐकल्यावर मीं नाताळच्या सुटींत त्याला तेरला नेलें.

वस्तुसंग्रहालयांत तो मडक्यांपुढें फारसा थांबला नाहीं. पांढऱ्या मातीच्या त्या स्त्रीमूर्तींच्या कपाटापुढें मात्र तो बराच वेळ उभा राहिला. मग कांचेला नाक लावून, मान वांकडी करून तो कांहीं तरी पाहूं लागला.

"मामा, हिचे केस मागूनही केले आहेत का?"

"पण मागची बाजू बघणार को..." असें मी म्हणणार होतों. शब्द ओठांवर आले होते. ते मीं गिळले. साचे दोन असत, एक पुढचा व एक मागचा, हें मीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितलें आहे. कां, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

"होय," मी म्हणालों, "मागूनही केले आहेत."

त्यानें मान हलविली, आणि आम्ही पुढच्या कपाटाकडे गेलों.